चूक कुणाची, याच्या पुढचा प्रश्न

नमस्कार श्रोतेहो.

१० जून १९९० ची सकाळ. बर्मिंगहॅमहून एक प्रवासी विमान स्पेनमधल्या मालागाला निघालं होतं. उड्डाण होऊन पंधरा मिनिटंही झाली नव्हती. विमान सतरा हजार फुटांच्या वर असताना कॅप्टनसमोरची काच निखळून उडून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत विमानाबाहेर ओढले गेले. एका कर्मचाऱ्यानं धावत येऊन त्यांना घट्ट धरलं. मग त्याचे हात भरून आले, तेव्हा दुसऱ्यांनी धरलं. बाहेर गोठवणारा वारा, आत कानठळ्या बसवणारा आवाज. अशात सहवैमानिकानं विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टन वाचले. विमानातले सगळेच वाचले.

काच बसवून जेमतेम सत्तावीस तास झाले होते. ती नव्वद बोल्टांवर बसते. त्यातले चौऱ्याऐंशी बोल्ट जाडीला कमी निघाले. किती कमी? साधारण ०.६६ मिलिमीटर. दोन बोल्ट हातात घेतले तर फरक डोळ्यांना कळायचा नाही, पण आट्यांची पकड सुटायला तेवढा पुरतो.

इथं आपल्यापैकी बहुतेकांचा तपास संपतो. बोल्ट कुणी लावले, त्याचं नाव कळलं, झालं. ब्रिटनच्या विमान अपघात तपास शाखेचा तपास मात्र इथून खऱ्या अर्थानं सुरू झाला. काच बसवणारा माणूस रात्रपाळीचा प्रमुख होता. सहकाऱ्यांच्या मते मेहनती, जबाबदार. त्या रात्री माणसं कमी होती, म्हणून हे काम त्यानं स्वतः अंगावर घेतलं. काढलेले जुने बोल्ट झिजलेले दिसले. नवे लावावेत म्हणून नमुन्याला एक जुना बोल्ट घेऊन तो भांडारात गेला. तिथल्या माणसानं या काचेला कोणता बोल्ट लागतो ते सांगितलंही. पण जुन्या बोल्टांनी काच आजवर धरली होती, तर तसेच घ्यावेत, असा त्यानं विचार केला. तसे पुरेसे बोल्ट तिथं नव्हते. मग तो गाडी काढून दुसऱ्या साठ्याकडे गेला. तिथं त्या वेळी कुणीच नव्हतं आणि उजेड अपुरा होता. त्या अंधुक उजेडात त्यानं खणातला बोल्ट नमुन्याशेजारी धरला, नजरेनं आणि बोटांनी जुळवला, आणि घेतला.

काच बाहेरून बसवायची होती. तो उभा होता तिथून त्याला वाकून, हात लांब करून काम करावं लागत होतं, त्यामुळे बोल्टाच्या डोक्याभोवती राहिलेली जास्तीची फट त्याच्या नजरेत आली नाही. आणि मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की नियमानुसार या कामाची दुसऱ्या कुणी तपासणी करायची गरजच नव्हती. त्यानं स्वतःच काम केलं आणि स्वतःच सही केली.

आता सांगा, त्या माणसाला काढून टाकलं असतं तर उद्याची काच घट्ट बसली असती का? तो अंधुक उजेड तसाच राहिला असता. तपासणीविना सुटणारं कामही तसंच राहिलं असतं.

विमान अपघातांच्या तपासासाठी शिकागो कराराचं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, तेरावं परिशिष्ट आहे. १९५१ साली ते प्रथम स्वीकारलं गेलं. त्यात स्वच्छ लिहिलंय, की तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा जबाबदारी कुणावर टाकणं हा नाही. जहाजांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची संहिता हेच म्हणते. गुन्हा असेल तर पोलीस आहेत, न्यायालय आहे. तो रस्ता वेगळा, हा वेगळा.

ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याच्यापुढं हे बोलणं सोपं नाही, याची मला जाणीव आहे. शिक्षा व्हावी असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण आपण बोललो तर तेच उद्या आपल्यावर उलटेल, असं वाटलं की माणूस तोंड मिटून घेतो, आणि अपघाताचं खरं कारण त्याच्या पोटातच राहतं. उड्डाणाची माहिती आणि कॉकपिटमधलं बोलणं दोन्ही टिपणारं यंत्र ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड वॉरन यांनी १९५० च्या दशकात तयार केलं, तेव्हा वैमानिकांच्या संघटनेनंच त्याला विरोध केला होता. आपल्यावर पाळत ठेवली जाईल, ही त्यांची भीती. ती निराधार नव्हती. म्हणूनच कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण तपासाबाहेर वापरू नये, याला एवढं जपलं जातं. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी अशा ध्वनिमुद्रणाचे तुकडे बातम्यांत वाजायला लागतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. तपासाला लागणारा विश्वास एका संध्याकाळीत उधळला जातो.

रेल्वेकडे येते. १२ डिसेंबर १९८८, लंडनजवळचं क्लॅपहॅम जंक्शन. सोमवारची सकाळ, गाड्या नोकरदारांनी भरलेल्या. पुढं गाडी उभी असूनही मागचा सिग्नल लाल झाला नाही. मागून येणारी गाडी तिच्यावर आदळली आणि ३५ माणसं गेली. कारण सापडलं रिले रूममध्ये, म्हणजे सिग्नलच्या विजेच्या जोडण्या असतात त्या खोलीत. दोन आठवड्यांपूर्वी वायरिंग बदलताना एक जुनी तार दोन्ही टोकांना सोडवून, कापून, गुंडाळून ठेवायला हवी होती. ती एकाच टोकाला सोडवून नुसती बाजूला वाकवली गेली. अपघाताच्या आदल्या दिवशी शेजारीच दुसरं काम निघालं, त्यात ती हलली आणि मूळ जागी जाऊन टेकली. एवढीशी तांब्याची तार, पण तिच्यातून जायला नको होता तो प्रवाह गेला आणि सिग्नल खोटं बोलला.

चौकशी आयोगानं त्या तंत्रज्ञाचं काम तर पाहिलंच, पण त्याची हजेरीही पाहिली. आधीच्या तेरा आठवड्यांत त्याला एकच सुट्टी मिळाली होती. शिवाय तारा तशा वाकवून ठेवणं ही त्याची वर्षानुवर्षांची पद्धत होती आणि कुणीही कधी त्याला टोकलं नव्हतं. काम झाल्यावर तारा मोजून बघायच्या असतात, त्याही कुणी मोजल्या नव्हत्या. ‘मानवी चूक’ हे दोन शब्द ऐकले की मला ती हजेरी आठवते.

हजेरी बघण्याची हिंमत होते ती तपास करणारा त्याच घरातला नसेल तर. म्हणून अनेक देशांनी तपास यंत्रणा गाड्या, विमानं, जहाजं चालवणाऱ्यांपासून दूर ठेवल्या आहेत. भारतातही रेल्वे सुरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयाखाली नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. तरी या यंत्रणांच्या हातात असतात त्या शिफारशीच. अमलात आणायच्या की नाही, ते दुसरेच ठरवतात.

शेवटी एका जहाजाबद्दल सांगते. ६ मार्च १९८७ च्या संध्याकाळी ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून निघाली, ती पुढची दारं सताड उघडी ठेवून. मोटारी चढवायची ती दारं. ती बंद करायचं काम ज्याचं, तो आपल्या खोलीत झोपला होता. दुसऱ्यानं ती उघडी पाहिली, पण ते आपलं काम नाही असं त्याला वाटलं. तिसऱ्याला वाटलं, बंद करणारा माणूस येतोच आहे. आणि वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षात, उभ्या कॅप्टनला ती दारं दिसतच नव्हती. कुणी काही कळवलं नाही, म्हणजे सगळं ठीक, अशी तिथली रीत होती. वेग वाढला, पाणी मोटारींच्या डेकवर शिरलं आणि काही मिनिटांत जहाज कलंडलं. १९३ जण गेले.

झोपलेल्या माणसाची गोष्ट सगळ्यांना माहीत झाली. चौकशी अहवालात आणखी एक गोष्ट आहे. त्या कंपनीच्या कॅप्टनांनी अपघाताच्या आधीच लेखी मागणी केली होती, की दारं उघडी आहेत की बंद, हे दाखवणारे दिवे ब्रिजवर बसवा. व्यवस्थापनातल्या लोकांनी त्या मागणीची थट्टा केली होती.

पुढच्याच वर्षी, १९८८ च्या एप्रिलमध्ये, समुद्रावरच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती झाली. मोटारी नेणाऱ्या प्रवासी जहाजांच्या ब्रिजवर आता ते दिवे असावेच लागतात. दार नीट बंद झालं नसेल, तर कॅप्टनला आपल्या जागेवरूनच कळतं.

नमस्कार.