बर्फाखालची जागी माती

नमस्कार श्रोतेहो.

भर हिवाळ्यातलं उंच डोंगरावरचं सूचिपर्णी जंगल डोळ्यांसमोर आणा. जमिनीवर कमरेइतका बर्फ, पाखराचाही आवाज नाही. आपण सहज म्हणतो, जंगल झोपलंय. झाडं झोपली असतील. माती मात्र जागी असते.

भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते, म्हणून तो दुलईचं काम करतो. वर कडाक्याची थंडी असली तरी जाड थराखालची माती शून्य अंशाच्या आसपास राहते. तिच्या कणांना चिकटून पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा न गोठता उरतो. तेवढ्या ओलाव्यावर जीवाणू आणि बुरश्या शरदात गळलेला पाचोळा कुजवत राहतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत, वृक्षरेषेच्याही वरच्या मातीत, सूक्ष्मजीवांचा भार सर्वाधिक भरला तो हिवाळ्याच्या शेवटी, बर्फाखाली! २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बुरशीची तोवर अज्ञात असलेली कितीतरी कुळंही हाती लागली. मला तर हे नव्या बेटाच्या शोधाइतकंच मोठं वाटतं.

मग बर्फ वितळतो. थंडीला सरावलेले हे जीव मोठ्या संख्येनं मरतात आणि त्यांच्या देहातला नायट्रोजन मातीत मोकळा होतो. नेमक्या त्याच सुमारास मुळं जागी होत असतात. या मुळांना बुरशीचे धागे बिलगलेले असतात. धागे दुरून पाणी आणि क्षार आणतात, झाड त्यांना साखर देतं. या जोडीला १८८५ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांनी 'मायकोरायझा' हे नाव दिलं. आपण कवकमूळ म्हणू.

उंचीवर कुजणं संथ चालतं, त्यामुळे पाचोळ्याचे थर साठतात आणि त्यांत कार्बनही अडकून राहतो. तापमान वाढलं की हे काम वेग घेतं आणि साठलेला कार्बन हवेत जाऊ लागतो. एवढं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. हिवाळे उबदार झाले की बर्फ कमी पडतो, आणि दुलई गेली की माती उलट जास्त गारठते. अमेरिकेतल्याच न्यू हॅम्पशरच्या डोंगराळ जंगलात संशोधकांनी हिवाळ्याच्या सुरुवातीला फावड्यानं बर्फ उपसून हे करून पाहिलं. उघडी पडलेली माती खोलवर गोठली, बारीक मुळं मेली, आणि झाडांच्या वाट्याचा नायट्रोजन नायट्रेट होऊन पाण्याबरोबर झिरपून गेला.