डिग्री नसलेल्या प्रोग्रॅमरला नेमकं काय कमी पडतं?

नमस्कार मंडळी! मी बी.कॉम. आहे. कोडिंग शिकलो ते रात्री जागून, स्वतःच. पहिल्या नोकरीत एक काम आलं. ग्राहकांच्या दोन याद्या, प्रत्येकी 1 लाख नावं. दोन्हींत असलेली नावं शोधायची. मी लूपच्या आत लूप लावला, म्हणजे एका यादीतलं प्रत्येक नाव दुसरीतल्या प्रत्येक नावाशी ताडून पाहिलं. शंभर नावांवर झटकन चाललं, खरा डेटा टाकला आणि प्रोग्रॅम संपेचना.

शेजारी कॉम्प्युटर इंजिनिअर झालेली मैत्रीण बसायची. तिने एकदाच स्क्रीनकडे पाहिलं. "अरे, हे एन स्क्वेअर झालंय. एक यादी सेटमध्ये टाक की!"

आता हिशोब बघा. एन स्क्वेअर म्हणजे नावांच्या संख्येचा वर्ग: 1 लाख गुणिले 1 लाख, म्हणजे 1000 कोटी तुलना. सेटमध्ये एखादं नाव आहे का, हे सगळी यादी न चाळता लगेच कळतं, म्हणून तो वापरला की साधारण 2 लाख पायऱ्यांत काम होतं. मला लूप येत होता, सेटही माहीत होता. पण माझ्या अडचणीला नाव आहे, हेच माहीत नव्हतं. आणि नावच माहीत नसेल तर गूगलवर शोधणार काय?

गेम प्रोग्रॅमर जॉन कारमॅकचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. त्याने दोन सेमिस्टरनंतर कॉलेज सोडलं आणि 1993 मध्ये त्याचा 'डूम' हा गेम आला. पण कोणती भिंत पुढे, कोणती मागे, हे त्या काळच्या कॉम्प्युटरवर भराभर ठरवायचं कसं? त्यासाठी त्याने बायनरी स्पेस पार्टिशनिंग, म्हणजे जागेचे पुन्हापुन्हा दोन भाग करत जायची पद्धत, वापरली. ही पद्धत 1980 च्या एका शोधनिबंधात मांडलेली होती. 'कॉलेज सोडलं' एवढंच सगळे सांगतात, तो शोधनिबंध वाचत होता हे सांगत नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यामुळे कितीतरी मुलं थिअरीला हातच लावत नाहीत.

डिग्रीचा फायदा पहिल्या नोकरीला होतोच, कॉलेजमधल्या कॅम्पस भरतीत बसता येतं. पण एरर नीट वाचणं, डॉक्युमेंटेशन धुंडाळणं, यात स्वतः शिकलेली मुलं मला बऱ्याचदा पुढे दिसली आहेत. विचारायला कुणी नसतं ना!

एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत, फी फक्त सर्टिफिकेटच्या परीक्षेला. सुरुवात डेटा स्ट्रक्चर्सपासून (डेटा मांडून ठेवायच्या पद्धती) करा, मग डेटाबेसचे इंडेक्स (नोंद पटकन सापडावी म्हणून केलेली सूची). आणि आज एवढं कराच: तुमच्याच जुन्या कोडमधला लूपमधला लूप शोधा, तो 1 लाख नोंदींवर किती वेळा फिरेल ते मोजा, आणि आकडा खाली कमेंटमध्ये लिहा. मी वाचतोय.