गुरू अर्जन देव: आदिग्रंथाचे संपादक

नमस्कार श्रोतेहो. शिखांचे पाचवे गुरू अर्जन देव म्हटलं की जहांगीराच्या कारकिर्दीत, १६०६ साली लाहोरला त्यांना आलेलं हौतात्म्य आठवतं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १६०४ मध्ये, त्यांनी एक प्रचंड काम हातावेगळं केलं होतं. ते म्हणजे आदिग्रंथाचं, शिखांच्या पवित्र ग्रंथाचं, संपादन. आज त्याविषयी.

अडचण अशी होती, की पदं रचणारे सगळेच गुरू शेवटी 'नानक' हीच नाममुद्रा घालत. पद कुणाचं, हे नावावरून कळायचं नाही. त्यातच थोरले बंधू पृथीचंद यांनी गुरुगादीवर हक्क सांगितला आणि त्यांच्या गोटातही 'नानक' नावाने रचना होऊ लागल्या. नुसत्या पाठांतरावर विसंबलं असतं तर भेसळ अटळ होती.

म्हणून जुन्या पोथ्या मिळवल्या, गुरूंच्या वाणीचे आधीचे संग्रह असलेल्या गोइंदवालच्या पोथ्याही आणल्या. अमृतसरला रामसर तळ्याकाठी भाई गुरदास लिहायला बसले. प्रत्येक रचनेच्या मथळ्यात आधी राग, मग 'महला' आणि आकडा. महला १ म्हणजे गुरू नानक, महला ३ गुरू अमरदास, महला ५ स्वतः अर्जन देव. गुरू अंगदांचे फक्त श्लोक असल्यामुळे पदांच्या मथळ्यात महला २ येत नाही. रागाच्या आत आधी छोटी पदं, मग अष्टपदी (आठ कडव्यांची पदं), छंत (लांब गीतं), वार (पोवाड्यासारखी दीर्घ रचना), आणि शेवटी भक्तांची, म्हणजे गुरूंखेरीज इतर संतांची वाणी. 'रहाउ' लिहिलेली ओळ म्हणजे ध्रुपद; गाताना फिरून तिच्यावरच यायचं.

खरी कमाल आहे ती आकड्यांची. समजा पदाच्या शेवटी ४ आणि मग २ लिहिलंय. म्हणजे पदात चार कडवी, आणि हे त्या गटातलं दुसरं पद. गट संपला की बेरीज मांडलेली. कुणी मध्येच एखादं पद घुसवलं, किंवा नक्कल करताना गाळलं, तर पुढची बेरीज जुळतच नाही. काही वारांखाली 'सुधु' असा शेरा आहे, म्हणजे तपासून बरोबर. काही ठिकाणी 'सुधु कीचे' आहे: अजून शुद्ध करायचंय. छापखाना नसलेल्या काळात इतकी काटेकोर व्यवस्था पाहून मी तरी थक्क होतो.

स्वतःच्या दोन हजारांवर रचना असूनही गुरूंच्या क्रमात त्यांनी स्वतःला सर्वांत शेवटी ठेवलं. आणि आपल्या नामदेवांची ६१ पदं याच शिस्तीत बसवली. त्यांत 'बीठलु' हे नाव आजही तसंच आहे, पंढरपूरपासून इतक्या दूर.

हा ग्रंथ हरिमंदिरात, म्हणजे अमृतसरच्या सुवर्णमंदिरात ठेवला गेला तेव्हा बाबा बुड्ढा पहिले ग्रंथी, म्हणजे ग्रंथाचं वाचन करणारे, झाले. पुढे त्यात नववे गुरू तेगबहादूर यांची वाणी आली, आणि १७०८ मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरुपद दिलं. आज त्याची १४३० पानं आहेत, त्यांना 'अंग' म्हणतात. गुरुद्वारात हुकमनामा, म्हणजे ग्रंथ उघडून समोर येईल ते पद, वाचताना पहिली ओळ नीट ऐका. 'सोरठि महला ५' असं कानावर आलं, की राग सोरठ, आणि शब्द गुरू अर्जन देवांचे.