भाड्याची पावती आणि बी.ए.चे दोन विषय

नमस्कार श्रोतेहो,

बारावीचे निकाल लागले की मुंबईतल्या कॉलेजांत प्रवेशाची धावपळ सुरू होते. आर्ट्सच्या खिडकीपाशी आईवडील विचारतात, "इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन पुढे काय?" मी 24 वर्षं हे दोन विषय शिकवते आहे, आणि हा प्रश्न मला कधीच चुकीचा वाटला नाही. महिन्याचा खर्च काढून मुलीला शिकवणाऱ्या माणसाला तो विचारायचा हक्क आहे. स्पर्धा परीक्षा, कायदा, पत्रकारिता, अध्यापन या वाटा तुम्हाला ठाऊक आहेतच, त्या सांगण्यात मी वेळ घालवत नाही. या 3 वर्षांत मूल नेमकं काय शिकू शकतं, ते मला सांगायचं आहे. त्यासाठी एका कागदाची गोष्ट सांगते.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी इंटर्नलसाठी, म्हणजे कॉलेजातल्या अंतर्गत मार्कांसाठी, एक काम देते. घरातला जुन्यात जुना कागद शोधून आणायचा आणि त्यावर 4 पानं लिहायची. रेशनकार्ड येतात, गिरणीची हजेरीपत्रकं येतात, गावाकडचा सातबारा येतो. काही वर्षांपूर्वी लालबागची एक मुलगी प्लास्टिकच्या पिशवीत भाड्याच्या पावत्यांचा जुडगा घेऊन आली. आजीच्या ट्रंकेत तळाशी होता. सगळ्यात जुनी पावती 1926 ची, पणजोबांच्या नावावर. खोलीचं भाडं साडेसहा रुपये. पणजोबा देवगडकडून गिरणीत कामाला आलेले.

"मॅडम, यावर 4 पानं कशी लिहू? यात काहीच नाही," ती म्हणाली.

आम्ही दोघी स्टाफरूममध्ये त्या पावत्या तारखेप्रमाणे लावत बसलो. पहिला प्रश्न तिचाच होता. गिरणी कामगाराला राहायला ही एवढीशी खोलीच का मिळाली? तिथून आम्ही 1896 च्या प्लेगपर्यंत मागे गेलो. त्या सप्टेंबरात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी मांडवीत रोग ओळखला. माणसं शहर सोडून पळाली, गिरण्या ओस पडल्या. सरकारने 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दाटीच्या वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, नव्या चाळी बांधायच्या हे त्याचं काम. आजचं दादर-माटुंग्याचं आखीव रूप त्यातूनच आलं. परळच्या ट्रस्टच्याच चाळीत दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनेक वर्षं संसार केला. एल्फिन्स्टन कॉलेजातून त्यांनी बी.ए. केलं, ते अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन. हे मी प्रत्येक नव्या वर्गाला सांगते, कारण ज्या खोल्यांची आपल्या मुलांना लाज वाटते त्याच खोल्यांत या विषयांचा अभ्यास झालेला आहे.

प्लेगने आणखी एक गोष्ट मागे ठेवली, 1897 चा साथरोग कायदा. 2020 मध्ये करोना आला तेव्हा हाच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. सव्वाशे वर्षांपूर्वी परक्या सरकारने केलेला कायदा स्वतंत्र देशात कसा चालतो? हा प्रश्न इतिहासाचा की राज्यशास्त्राचा? मला अजून कुणी दोन्हींमधली रेघ दाखवलेली नाही.

आता पावतीवरच्या आकड्याकडे या. साडेसहा रुपये. त्या काळी मुंबई महापालिकेत मत कुणाला होतं? 1922 पासून महिन्याला 10 रुपये भाडं भरणाऱ्याला तो हक्क मिळाला. म्हणजे साडेसहा भरणारे पणजोबा भाड्याच्या जोरावर मतदार होऊ शकत नव्हते. प्रौढ मतदानावर पालिकेची निवडणूक झाली ती 1948 मध्ये. हे सांगितलं तेव्हा ती मुलगी बराच वेळ पावतीकडे बघत राहिली. प्रौढ मताधिकाराची व्याख्या तिला पाठ होती, 5 मार्कांना येते म्हणून. आपल्या घरातल्या माणसाला साडेतीन रुपयांनी मत नाकारलं गेलं होतं, हे तिला आत्ता कळत होतं.

मग तिनेच एक गोष्ट पकडली, जी माझ्या नजरेतून सुटली होती. 1941 ची पावती आणि 1975 ची पावती शेजारी ठेवल्या, तर भाडं जवळजवळ तेवढंच! करवाढीचे थोडे पैसे तेवढे चढलेले. धान्य महागलं, कापड महागलं, मग खोली का नाही? याचं उत्तर 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात आहे. 1 सप्टेंबर 1940 ला जे भाडं होतं, तेच सर्वसाधारणपणे प्रमाण भाडं धरलं गेलं आणि तिथेच ते थिजलं. युद्धकाळात जागेची टंचाई होती, भाडेकरूला रस्त्यावर यावं लागू नये हा हेतू रास्त होता. पण तो कायदा अर्धशतक तसाच टिकला; नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. मधल्या काळात मालकांनी दुरुस्ती सोडून दिली, पागडी, म्हणजे खोली देताना हातात घ्यायची मोठी रक्कम, फोफावली, चाळी खचत गेल्या, आणि 1969 मध्ये उपकर लावून दुरुस्ती मंडळ नेमावं लागलं. इतकी वर्षं कायदा का बदलला नाही? माझं मत असं की त्याचं उत्तर 1948 मध्ये सापडतं. मत सगळ्यांना मिळालं, आणि या शहरात मालक थोडे, भाडेकरू पुष्कळ. मत नसलेल्या पणजोबांच्या नातवंडांना हात लावायची हिंमत कुठल्या सरकारला होणार?

पावती हा शब्दही राज्यशास्त्र शिकवतो. वर्गात 'सत्ता' आणि 'अधिमान्यता', म्हणजे नुसती ताकद आणि हक्काला धरून असलेली, मान्य झालेली सत्ता, यांतला फरक मुलं घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. तिची आजी सांगायची, मालकाचा माणूस भाडं घ्यायचा पण पावती द्यायला खळखळ करायचा, आणि आजोबा पावतीशिवाय दारातून त्याला हलू द्यायचे नाहीत. भाडं घ्यायची ताकद त्याच्याकडे होतीच. कागद दिला की मात्र भाडेकरूचा हक्क कबूल झाला, आणि उद्या हुसकावायचं तर कोर्टात जावं लागणार. अधिमान्यता शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही.

हे सगळं अभ्यासक्रमात आहे का? आहे, पण सुट्या तुकड्यांत. इतिहासात आधुनिक भारत, राज्यशास्त्रात संविधान, लोकप्रशासन, महाराष्ट्राचं राजकारण. आणि मधे उभं असतं गाईड. मराठी माध्यमाच्या मुलांना मी दोष देत नाही. संदर्भग्रंथ बहुतेक इंग्रजीत, ग्रंथालयात मराठी पुस्तकाची एकच प्रत, मग मूल झेरॉक्सच्या दुकानातून 'अपेक्षित प्रश्न' घेऊन येतं. 1982 च्या गिरणी संपाची 10 कारणं ज्या घरात पाठ होतात, त्याच घरात तो संप जगलेले आजोबा बाहेरच्या खोलीत बसलेले असतात, आणि त्यांना कुणी एक प्रश्न विचारत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडे साधनं किती आहेत बघा. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचा संग्रह, आहे. टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे, दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. झेवियर्समध्ये फादर हेरास यांनी 1926 मध्ये उभी केलेली संशोधन संस्था आहे. मोडी ही जुनी लिपी शिकून घेतली तर जुन्या मराठी कागदांचं दार उघडतं, आणि मन लावलं तर काही आठवड्यांत मोडी वाचता येऊ लागते. लोकल ट्रेनच्या विद्यार्थी पासावर हे सारं गाठता येतं.

पालकांना आणि मुलांना माझं एक आग्रहाचं सांगणं आहे. हे दोन विषय वेगळे करू नका. आधी टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, सहाही पेपर एकाच विषयाचे किंवा दोन विषयांचे तीन-तीन घेता यायचे. आता नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, म्हणजे मुख्य विषय, आणि मायनर, म्हणजे जोडविषय, आले आहेत. कॉलेजात सोय असेल तर एक मेजर घ्या, दुसरा मायनर. नुसता राज्यशास्त्र शिकलेला विद्यार्थी सांगेल की मुंबईत कारभाराची खरी सूत्रं महापौरांकडे नसून आयुक्तांकडे असतात. हे असं का, ते कळायला 1888 चा पालिका कायदा उघडावा लागतो, जो आजही लागू आहे. मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर पालिकेवर प्रशासक आला. 227 प्रभागांत नगरसेवक नव्हते, अशा काळात माझ्या मुलांनी स्थानिक स्वराज्य संस्थांचा पेपर लिहिला. कायदा वाचलेल्या मुलांना ठाऊक होतं की ही इमारत पहिल्यापासूनच अधिकाऱ्याच्या खांबावर उभी आहे.

त्या मुलीची 4 पानं 19 झाली. गेल्या वर्षी तिचा फोन आला. चाळ पुनर्विकासात गेली आहे, आणि पात्रता ठरवायला जुन्या पावत्या मागितल्यात. जुडगा आता आजीच्या ट्रंकेतून निघून फायलीत गेला. फाईल देण्याआधी ती कॉलेजात येऊन गेली. 1926 च्या पावतीची झेरॉक्स काढून तिने आमच्या विभागाच्या कपाटात ठेवली आहे. यंदाचे वर्ग सुरू होतील, त्या दिवशी ती झेरॉक्स मी नव्या मुलांच्या हातात देणार आहे.

नमस्कार.