केबल बसली म्हणजे जोडणी बरोबर झाली असं नाही

[दृश्य: साडेतीन इंची हार्ड डिस्कची मागची कड, अगदी जवळून]

डिस्कच्या मागे दोन जोडण्या आहेत. छोटी डेटाची, सात पिनांची. लांब आहे ती विजेची, पंधरा पिनांची. ही साटा जोडणी. डेटाच्या बाजूने मोजायला सुरुवात करा. पहिल्या तीन पिना ३.३ व्होल्टच्या, सातवी ते नववी ५ व्होल्टच्या आणि शेवटच्या तीन १२ व्होल्टच्या. मध्ये ग्राउंड, म्हणजे वीज परत जायच्या पिना. १२ व्होल्टवर मोटार फिरते, ५ व्होल्टवर सर्किट चालतं.

डिस्कच्या टोकाला हे सगळीकडे सारखंच. घोळ होतो तो केबलच्या दुसऱ्या टोकाला.

[दृश्य: मॉड्युलर पॉवर सप्लायची मागची बाजू, रिकामे सॉकेट]

पॉवर सप्लाय म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा. ज्या पॉवर सप्लायच्या केबली काढता-घालता येतात, त्यांच्या सॉकेटमध्ये कोणत्या पिनेवर किती व्होल्ट द्यायचे, याचं कोणतंही सामायिक प्रमाण नाही. प्रत्येक कंपनी आपलं ठरवते. कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. तरीही जुन्या सप्लायची केबल नव्यात सहज बसते, खटकाही लागतो. मग संगणक चालू केला की ५ व्होल्टच्या वाटेने १२ व्होल्ट डिस्कमध्ये शिरू शकतात.

[दृश्य: डिस्कचा सर्किट बोर्ड, विजेच्या जोडणीजवळचे दोन छोटे काळे चौकोनी भाग]

हे संरक्षक डायोड. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की ते स्वतः शॉर्ट होतात आणि पुढचं सर्किट वाचवायचा प्रयत्न करतात. नशीब असेल तर तेवढंच जळतं. नाही तर पूर्ण बोर्ड जातो, आणि तसाच दुसरा बोर्ड आणून लावला तरी सहसा काम होत नाही, कारण त्या विशिष्ट डिस्कची जुळणीची माहिती मूळ बोर्डावरच्या चिपमध्ये असते. डिस्कची किंमत भरून निघेल, आतले फोटो आणि कागदपत्रं कुठून आणणार? म्हणून दुसऱ्या सप्लायची केबल वापरूच नये, असं आमचं ठाम म्हणणं आहे. केबल सप्लायबरोबरच ठेवा, तिच्यावर मॉडेलचं नाव चिकटवा.

ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये वेगळीच अडचण. काहींच्या पॉवर सप्लायमधून डिस्कसाठी केबल निघतच नाही. वीज आधी मदरबोर्डवर जाते आणि तिथल्या चार किंवा सहा पिनांच्या छोट्या सॉकेटमधून डिस्ककडे येते. तिथे त्याच मॉडेलसाठी बनवलेली केबल हवी. एका सॉकेटवर फाटे फोडून डिस्क वाढवत जाणंही बरं नाही. मोठी डिस्क फिरायला लागते त्या काही सेकंदांत १२ व्होल्टवर सुमारे दोन अँपिअर ओढू शकते, आणि चार डिस्क एकदम सुरू झाल्या तर तो सगळा भार त्याच बारीक वायरींवर येतो.

[दृश्य: मल्टिमीटर, बारीक टोकाचे प्रोब]

शंका असेल तर डिस्क न जोडता, संगणक चालू करून केबल मल्टिमीटरने तपासा. वायरींच्या रंगांवर विसंबू नका. पिवळी १२, लाल ५, काळी ग्राउंड ही जुनी रीत खरी, पण आता सगळ्या वायरी काळ्याच असलेल्या केबलीही सर्रास मिळतात. काळा प्रोब ग्राउंडवर ठेवा, लाल पिनेवर. ११.४ ते १२.६ आणि ४.७५ ते ५.२५ या हद्दीत आकडा यायला हवा. साटाच्या पिना फार जवळजवळ असतात. प्रोब घसरून दोन पिनांना एकदम टेकला तर शॉर्ट होतो, म्हणून हात टेकवून, सावकाश.

साटा केबल कमी पडली की लोक मोलेक्सवरून, म्हणजे चार पिनांच्या जुन्या वीजजोडणीवरून, साटा करणारा अडॅप्टर लावतात. त्यातल्या काहींच्या टोकाला वायरींभोवती प्लास्टिक ओतून सलग ठोकळा केलेला असतो. ओततानाच आतली वायर सरकली तर बाहेरून काही दिसत नाही. पुढे कधीतरी आत शॉर्ट होतो, प्लास्टिक वितळतं, आगही लागू शकते. प्रत्येक वायर वेगळी दिसते आणि मागचं झाकण उघडतं, असाच अडॅप्टर घ्या.

[दृश्य: पिन क्रमांक तीन, त्यावर पिवळट कॅप्टॉन टेपची बारीक पट्टी]

आणि एक प्रकार असा, ज्यात काहीच जळत नाही, पण नवी कोरी डिस्क फिरतच नाही. २०१६ मध्ये आलेल्या साटा ३.३ आवृत्तीत तिसऱ्या पिनेला नवं काम मिळालं: तिथे वीज आली की डिस्कने बंद राहायचं. सर्व्हरसाठीच्या आणि बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कच्या पेटीतून काढलेल्या काही डिस्क हे पाळतात. जुना सप्लाय मात्र त्या पिनेवर कायम ३.३ व्होल्ट देत असतो. उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने तेवढी पिन झाकली की डिस्क फिरू लागते. मोलेक्समध्ये ३.३ व्होल्टची वायरच नसते, त्यामुळे चांगल्या अडॅप्टरनेही हेच साधतं. अशी डिस्क खराब म्हणून परत पाठवण्याआधी तसा अडॅप्टर लावून पाहा. फिरली, तर डिस्क धडधाकट आहे.