नागपूरचा व्हॉलंटियर कोणत्या दप्तरात सापडतो?

मंडळी, आजचा आपला नायक लढाईत कधी गेलाच नसण्याची शक्यता जास्त. नागपूर व्हॉलंटियर रायफल्स या इंग्रजी अमदानीतल्या स्वयंसेवक सैनिकी पथकातला हा साधा शिपाई दिवसा जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत गार्ड असायचा, नाहीतर तारखात्यात किंवा सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या कचेरीत. कवायत कामावरून सुटल्यावर. वर्षाकाठी ठरलेली कवायत आणि नेमबाजी पूर्ण केली की तो सरकारदरबारी ‘कार्यक्षम’ ठरे आणि त्याच्या नावावर पथकाला अनुदान मिळे. १८५७ च्या धसक्यातून अशी पथकं देशभर उभी राहिली, १८६९ च्या कायद्याने त्यांना चौकट मिळाली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचल्यावर भरतीसाठी युरोपियन आणि अँग्लो-इंडियन माणसांची वानवाही राहिली नाही.

असा माणूस शोधायला निघालेले लोक आधी लष्कराच्या दप्तराकडे धावतात आणि हात हलवत परत येतात. नियमित फौजेतल्या गोऱ्या शिपायाचे भरतीचे, पेन्शनचे कागद लंडनला मिळू शकतात. याला पेन्शनच नव्हतं, मग कागद कुठून येणार? त्याचं पोट जिथे भरत होतं, तिथे त्याला शोधावं लागतं.

सुरुवात बहुतेक वेळा घरातल्या एखाद्या पदकापासून होते. व्हॉलंटियरांच्या दीर्घ सेवेचं पदक चांदीचं, हिरव्या फितीचं. हातात आलं तर कृपा करून दंतमंजन लावून घासू नका! भिंग घ्या आणि कड हळूहळू फिरवा. नाव, हुद्दा, पथक तिथे कोरलेलं असतं. नंबरही असू शकतो. मग दर्शनी बाजूची छबी बघा. हिंदुस्थान आणि वसाहतींसाठी हे पदक १८९६ मध्ये सुरू झालं, आणि त्याला २० वर्षांची सेवा लागत असे. छबी व्हिक्टोरिया राणीची असेल, तर आपला माणूस १८८१ च्या आसपास किंवा त्याआधीच भरती झालेला. सातव्या एडवर्डची असेल, तर १८९० पर्यंत. एकही कागद न उघडता निम्मं आयुष्य तारखांच्या कुंपणात आलं.

‘आमचे पणजोबा कॅप्टन होते’ असं सांगणारी घरं पुष्कळ. ते ताडून बघायला सोपं आहे. अधिकाऱ्यांच्या नेमणुका गॅझेटमध्ये, म्हणजे सरकारी राजपत्रात, छापून येत. तिथे नाव नसेल, तर पणजोबांचा हुद्दा घरच्यांनी वाढवला असं समजायला हरकत नाही. शिपायांची नावं मात्र गॅझेटमध्ये येत नाहीत. त्यांच्यासाठी कलकत्त्याहून दरवर्षी निघणारी थॅकरची डिरेक्टरी. तीत गोऱ्या रहिवाशांची नावं, नोकरी आणि गाव असे. ओळीने दहा वर्षांच्या डिरेक्टऱ्या लावल्या की बढती, बदली, आणि एके वर्षी नाव गळणं, सगळं दिसतं.

खरा खजिना चर्चच्या नोंदवह्यांत. लग्नाच्या एका ओळीत वय, धंदा, राहण्याचं ठिकाण, दोघांच्या वडिलांची नावं आणि साक्षीदारांच्या सह्या असतात. धंद्याच्या रकान्यात सहसा ‘रेल्वे गार्ड’ एवढंच. रायफलीचा पत्ता नाही. पण साक्षीदार बघा. पदकांवरची, फोटोंखालची नावं तिथे पुन्हा भेटतात, कारण संध्याकाळी कवायतीला शेजारी उभा राहणाराच लग्नात सही करायला येई. आता इथली एक गोम. नागपूरजवळच्या कामठीची छावणी १८२१ पासून मद्रास फौजेकडे होती. त्यामुळे कामठीच्या बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या, दफनांच्या नकला मद्रासला गेल्या आणि आज ब्रिटिश लायब्ररीत मद्रासच्या ‘एन-२’ या मालिकेत आहेत. नागपूर मुंबई इलाख्याला जवळ म्हणून कुणी मुंबईच्या मालिकेत शोधत बसलं, तर जन्म जाईल.

आणखी एक गठ्ठा आहे, आणि माझ्या मते तो सगळ्यात बोलका: ज्यांना या पथकांची दारं बंद होती त्यांचा. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागे, युरोपियनांना त्यातून सूट. १८८६ मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेसने हिंदी लोकांनाही व्हॉलंटियर होऊ द्या असा ठराव केला. पुढे १८९१ मध्ये काँग्रेस नागपुरातच भरली. त्या वेळी आपला गार्ड बहुधा इथेच ड्यूटीवर असेल, आणि मंडपातल्या वकिलांना जे मिळत नव्हतं ते त्याला जन्माने मिळालेलं होतं. या मागणीवरची सरकारी टिपणं राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधावीत. पथकाचा इतिहास लिहायचा तर हा गठ्ठा वगळून चालणार नाही.

१९१७ मध्ये इंडियन डिफेन्स फोर्स आली आणि युरोपियनांची ऐच्छिक सेवा सक्तीची झाली. विद्यापीठांच्या तुकड्यांतून हिंदी विद्यार्थ्यांना थोडी फट मिळाली ती तेव्हाच. १९२० नंतर आपलं पथक ऑक्झिलरी फोर्समधली ‘नागपूर रायफल्स’ झालं, आणि १९४७ मध्ये तो फोर्सच मोडला. त्यानंतर कुटुंब विलायतेला गेलं असेल तर ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या ‘बीटी-२६’ या क्रमांकाच्या, जहाजांच्या प्रवासी याद्या बघा. त्या १९६० पर्यंत चालतात. गेलंच नसेल तर कामठी आणि सदरच्या चर्चमध्ये दफनाची नोंदवही मागा, आणि नावाच्या आधी तारीख सांगा. नोंदी तारखेच्या क्रमाने असतात, आडनावाच्या नव्हे.