गांजा, उलट्या आणि संपणारं सिलिंडर

नमस्कार श्रोतेहो. तरुण पोरं आणि गांजा, हा आजचा विषय. "ओढू नका" एवढंच सांगायचं तर मी आत्ताच उठून घरी जातो. पण जो ओढतोच आहे, त्याचं नुकसान कमी कसं होईल?

माझ्या दवाखान्यात एक बाई आल्या. तक्रार गांजाची नव्हतीच, गॅसची होती. "डॉक्टर, सिलिंडर पुरेना झालंय. हा दिवसातून पाच-पाच वेळा कढत पाण्यानं अंघोळ करतो, तेही भर मे महिन्यात!" शेजारी मुलगा, कॉलेजातला, गालफडं बसलेली. (जाता जाता सांगतो, गॅस गीझर बंद न्हाणीघरात बसवू नका हो! कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. बाहेर बसवा. हे मी मधुमेहावरच्या भाषणातही सांगतो.) तर, मुलाला रोज सकाळी मळमळ, मग उलट्या. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, दृष्टही काढून झाली. कढत पाणी अंगावर घेतलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. हे ऐकलं आणि मी म्हटलं, "ताई, जरा बाहेर बसता का?"

दार लागल्यावर विचारलं, "रोज ओढतोस?"

"हो. पण सर, त्यानं मळमळ थांबते ना? म्हणून तर उलटी आली की अजून एक भरतो."

गंमत बघा, तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. गांजानं मळमळ दबते. पण वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्या काही जणांत तोच गांजा उलट्या करवतो. कढत अंघोळीच्या या खुणेसकट हा आजार ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ साली नोंदवला. त्यावर खात्रीचा इलाज एकच, गांजा बंद. आईला काय सांगायचं ते मी त्यालाच सांगू दिलं. बाईंनी आधी कपाळाला हात लावला, मग विचारलं, "म्हणजे कॅन्सर नाही ना?" सोडल्यावर हळूहळू उलट्या थांबल्या. सिलिंडरही पुरू लागलं.

बाकीचं भराभर सांगतो. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, म्हणून सुरुवात जितकी उशिरा तितकं बरं. पुन्हा सांगतो, जितकी उशिरा तितकं बरं. रोज ओढणं सर्वांत वाईट. तंबाखू मिसळली की दुसरं व्यसन फुकट गळ्यात पडतं. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार असेल तर हातही लावू नका. भांगेची गोळी चढायला दीड-दोन तास लागू शकतात; "काहीच होत नाही" म्हणून दुसरी खाऊ नका. आणि ओढून गाडीला किक नाही. अजिबात नाही.

पोलिसांच्या भीतीनं आईबाप गप्प बसतात. पण व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, तर सेवनाच्या खटल्यातून सूट देणारं ६४अ हे कलम एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यातच आहे. हेल्पलाइन लिहून घ्या, फोन फुकट आहे: १४४४६. पेन सापडलं नसेल त्यांच्यासाठी पुन्हा, एक चार चार चार सहा. नमस्कार.